वेढा उठला तो दिवस

यरुशलेमचं मंदिर कधी पेटलं, याची वेळ ज्यू परंपरेनं जपून ठेवली आहे. तालमूदमध्ये तिचा हिशेब असा दिला आहे: बाबेलचे सैनिक अव महिन्याच्या 7 तारखेला मंदिरात शिरले. 7 आणि 8 तारखेला तिथंच खाणंपिणं आणि नासधूस चालली. 9 तारखेला दिवस मावळता मावळता त्यांनी आग लावली आणि 10 तारखेचा आख्खा दिवस मंदिर जळत राहिलं. वर्ष इसवी सनापूर्वी 586; काही अभ्यासक 587 धरतात.

न्हावा शेवा बंदराच्या परिसराला ही तारीख परकी नाही. बंदराच्या मागे पनवेल गावात 1849 साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं मानणारे बेने इस्राएल या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. 9 अवचा उपवास त्यांच्याकडे ‘बिरड्याचा सण’ म्हणून पाळला गेला, कारण मोड आलेल्या कडधान्याचं बिरडं त्या दिवसाशी जोडलं गेलं होतं. पश्चिम आशियातल्या एका आगीची आठवण कोकणी स्वयंपाकघरात अशी टिकली.

त्या आगीआधी कित्येक पिढ्या इशारे दिले जात होते. ते देणारे हिब्रू संदेष्टे भविष्य सांगणारे ज्योतिषी नव्हते. त्यांच्या बहुतेक इशाऱ्यांना अट जोडलेली असे: हे थांबवलंत, तर ते टळेल. म्हणून पुढचा घटनाक्रम वाचताना एकाच गोष्टीवर नजर ठेवायची. आग टाळता येईल अशी शेवटची वेळ कोणती होती, आणि ती कशी हातची गेली?

पावणेतीनशे वर्षं आधी : इज्रेल

उत्तरेच्या इस्राएल राज्याचा राजा अहाब याला वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा हवा आहे. तो रोख किंमत देऊ करतो, बदल्यात याहून चांगला मळाही देऊ करतो. नाबोथ नाही म्हणतो. वाडवडिलांचं वतन विकायचं नसतं, एवढंच त्याचं कारण. राणी ईजबेल तोडगा काढते. गावात उपवास जाहीर करायचा, नाबोथाला सर्वांपुढे मानानं बसवायचं, दोन भाडोत्री साक्षीदार उभे करून त्यानं देवाची आणि राजाची निंदा केली असं म्हणवून घ्यायचं. तसं होतं. नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात आणि अहाब कब्जा घ्यायला मळ्यात उतरतो. तिथं त्याला एलीया संदेष्टा गाठतो आणि खूनही केलास, वर ताबाही घेतलास, असं तोंडावर सुनावतो.

पुढच्या सगळ्या इशाऱ्यांचा नमुना इथंच तयार होतो. जमीन बळकवायची आहे, कागद आणि साक्षी व्यवस्थित आहेत, आणि या सगळ्याला आवरण आहे ते उपवासाचं.

सुमारे 175 वर्षं आधी : बेथेल

भरभराटीचा काळ आहे. श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती पलंग आहेत, सण दणक्यात साजरे होतात. तकोवा गावचा एक मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा आमोस, बेथेलच्या राजमंदिराशी येऊन बोलू लागतो. तो सुरुवात बाजारापासून करतो. व्यापारी सणाला येतात खरे, पण त्यांचं चित्त सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतं याकडे असतं. त्यांचं माप लहान आणि वजन खोटं, धान्यात ते भूस मिसळतात. पायातल्या जोड्याच्या किमतीवर गरीब माणूस विकला जातो. असल्यांचे उत्सव आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत, असं आमोस सांगतो. देवाला न्याय हवा आहे, आणि तोही सणासुदीपुरता नको, ओढ्यासारखा बारमाही वाहता हवा.

बेथेलचा पुजारी अमस्या राजाला निरोप धाडतो आणि आमोसला बजावतो, की तुझ्या मुलखात जा आणि तिथं पोट भर, हे राजाचं देऊळ आहे. इसवी सनापूर्वी 722 च्या सुमारास अश्शूरनं उत्तरेचं राज्य संपवलं.

दक्षिणेतल्या यहूदा राज्यात त्याच सुमारास यशया आणि मीखा बोलत होते. मीखा खेड्यातला माणूस. त्याचा रोख रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याच्या शेताचे बेत करणाऱ्यांवर आणि हातात सत्ता आहे म्हणून उजाडताच ते शेत ताब्यात घेणाऱ्यांवर होता. यशयानं घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना गाठलं. प्रार्थनेसाठी पसरलेले तुमचे हात रक्तानं भरले आहेत, असं तो मंदिरात बळी देणाऱ्यांना म्हणाला. मीखा तर इथपर्यंत गेला, की मंदिराची टेकडी नांगरून निघेल.

ती तेव्हा नांगरली गेली नाही. हिज्कीया राजानं ऐकलं, तो नमला. 701 मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबानं यहूदाची गावं उद्ध्वस्त केली, यरुशलेमला वेढा घातला, पण शहर पडलं नाही. या सुटकेतून लोक मात्र भलताच धडा शिकले. मंदिर आहे तोवर शहराला काही होत नाही, अशी समजूत त्यांच्या मनात पक्की बसली.

सुमारे 23 वर्षं आधी : मंदिराचं दार

योशीया राजा मगिद्दोला मारला गेला आहे, गादीवर यहोयाकीम आला आहे. अनाथोथ गावच्या पुजारी घराण्यातला यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो. चोरी करता, खून करता, खोट्या शपथा घेता, आणि मग इथं येऊन आपण सुटलो म्हणता. हे देवाचं घर आहे की लुटारूंची गुहा? तो लोकांना शिलोला जाऊन यायला सांगतो. तिथंही एके काळी देवाचं ठाणं होतं, आता अवशेष आहेत. वाचायची अटही तो स्पष्ट सांगतो. परदेशी, पोरका आणि विधवा यांच्यावर जुलूम करू नका, निरपराधाचं रक्त सांडू नका, व्यवहार सरळ ठेवा.

पुजारी त्याला धरतात आणि देहान्ताची मागणी करतात. राजवाड्यातून अधिकारी येऊन दाराशी बसतात, तिथंच सुनावणी होते. मग गावोगावचे काही वडीलधारे उठतात आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मीखाचा दाखला देतात. त्यानं तर मंदिर नांगरलं जाईल असं म्हटलं होतं. हिज्कीयानं त्याला मारलं का? उलट तो देवाला शरण गेला आणि संकट टळलं. शाफानाचा मुलगा अहीकाम यिर्मयाच्या पाठीशी उभा राहतो आणि यिर्मया वाचतो. अशाच गोष्टी बोलणारा उरीया वाचला नाही. तो मिसरला पळाला होता. राजाच्या माणसांनी त्याला तिथून आणलं, तलवारीनं मारलं आणि देह सामान्यांच्या दफनभूमीत टाकला.

सुमारे 18 वर्षं आधी : उपवासाचा एक दिवस

महिना नववा, किस्लेव. कडाक्याची थंडी. बाबेलची फौज किनारपट्टीवर उतरली आहे. त्याच महिन्यात अश्कलोन शहर पडल्याची नोंद बाबेलच्या बखरीत आहे. यरुशलेममध्ये सार्वजनिक उपवास पुकारला आहे.

दिवसाचा पहिला भाग. खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनी मंदिराचं आवार भरलं आहे. यिर्मयाला तिथं पाऊल टाकायला बंदी आहे, म्हणून त्यानं वर्षांनुवर्षांचं बोलणं आपला लेखनिक बारूख याच्याकडून गुंडाळीवर उतरवून घेतलं आहे. शाफानाचा मुलगा गमर्या याच्या वरच्या चौकातल्या खोलीतून बारूख ते मोठ्यानं वाचतो.

थोड्या वेळानं. गमर्याचा मुलगा मीखाया ते ऐकतो आणि धावत राजवाड्यात जातो. चिटणिसाच्या दालनात अधिकाऱ्यांची बैठक चालू आहे. ते बारूखला बोलावून घेतात, खाली बसवतात, पुन्हा वाचायला लावतात. वाचन संपल्यावर ते घाबरून एकमेकांकडे पाहतात. हे राजाला कळवावंच लागेल, असं ठरतं. बारूखला ते सांगतात, तू आणि यिर्मया लपून बसा, कुठं आहात ते कोणाला कळू देऊ नका.

नंतर, राजाचा हिवाळी महाल. राजासमोर शेगडी पेटलेली आहे. एक सेवक गुंडाळी वाचतो आहे. तीन-चार स्तंभ वाचून झाले, की राजा लेखनिकाच्या चाकूनं तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार स्तंभ, पुन्हा चाकू. गमर्यासह तिघं जण जाळू नका म्हणून विनवतात. राजा ऐकत नाही. उपवासाचा दिवस आहे. वस्त्रं फाडून शोक करण्याचा रिवाज आहे. त्या दालनात कोणी वस्त्र फाडत नाही. फाडला जातो तो इशाऱ्याचा मजकूर.

गुंडाळी संपल्यावर बारूख आणि यिर्मया यांना पकडण्याचा हुकूम निघतो. ते सापडत नाहीत. लपलेल्या जागी यिर्मया सगळं पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि या वेळी मजकूर आधीपेक्षा वाढतो.

सुमारे 11 वर्षं आधी : पहिली शरणागती

इसवी सनापूर्वी 597. बाबेलच्या बखरीनुसार अदार महिन्याच्या 2 तारखेला, म्हणजे 16 मार्चला, शहर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हाती गेलं. यरुशलेमचा तेव्हाचा राजा, दरबारी, लोहार-सुतार बाबेलला नेले गेले. मंदिर मात्र शाबूत राहिलं. सिद्कीयाला मांडलिक म्हणून गादीवर बसवलं. मंदिर असेपर्यंत शहर बुडत नाही, या समजुतीला आणखी एक आधार मिळाला.

दीड वर्ष आधी : करार

सिद्कीयानं बंड केलं आहे. त्याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, दहाव्या महिन्याच्या 10 तारखेला वेढा पडला आहे. लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची गावं अजून तग धरून आहेत. 1935 मध्ये लाखीशच्या उत्खननात मातीच्या खापरांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली. त्यांतल्या एकात पहाऱ्यावरचा माणूस कळवतो, की आम्ही लाखीशच्या खुणेच्या अग्नीकडे नजर लावून आहोत, कारण अजेका दिसत नाही.

आता शहरात एक विलक्षण गोष्ट घडते. कर्जापोटी गुलामीत गेलेल्या हिब्रू माणसाला सहा वर्षांनी मोकळं करायचं, हा त्यांच्या धर्मशास्त्रातला जुना नियम. कर्जदारांना राबवून घेणाऱ्यांनी तो कित्येक पिढ्या पाळलेला नव्हता. वेढ्यात सिद्कीया सगळ्यांना एकत्र करतो आणि सर्व हिब्रू दासदासी मोकळे करण्याचा करार करवून घेतो. मंदिरात विधिपूर्वक वासरू चिरलं जातं, दोन भाग समोरासमोर ठेवतात आणि सरदार, पुजारी, जमीनदार त्यांच्यामधून चालत जातात. वचन मोडलं तर आपलंही असंच होवो, हा त्या विधीचा अर्थ. दासदासी खरोखर मोकळे होतात.

हे का केलं, यावर तर्क करता येतात. लढायला मोकळी माणसं हवी होती, खायची तोंडं कमी करायची होती, किंवा देव खरोखर आठवला होता. यिर्मया हेतूच्या चौकशीत पडत नाही. तुम्ही योग्य ते केलंत, असंच देवाच्या वतीनं तो म्हणतो. म्हणजे त्या क्षणी शहर वाचवता येत होतं.

मग दक्षिणेकडून बातमी येते, की मिसरची फौज निघाली आहे. बाबेलचे सैनिक वेढा उठवून तिला तोंड द्यायला जातात. तटावरून पाहिलं तर समोरचं रान मोकळं. 701 सारखंच झालं, असं शहराला वाटतं.

आणि त्याच दिवसांत मोकळे केलेले दासदासी परत धरून आणले जातात.

रायगड-ठाण्यातल्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना यात वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. उचल फिटली असं सांगून सोडणारा मालक पुढच्या हंगामात तोच जुना आकडा दाखवू शकतो. यरुशलेममध्ये मात्र हे देवासमोर शपथ घेऊन झालं होतं. जुलूम, पोकळ उपासना आणि मागे फिरायला नकार, असे तीन वेगवेगळे आरोप संदेष्ट्यांनी कित्येक पिढ्या केले होते. त्या आठवड्यांत ते तिन्ही एका कृतीत एकवटले.

यिर्मयाचा निकाल तिथंच येतो. तुम्ही माणसांना सुटका नाकारली, आता तुम्हालाच तलवार, रोगराई आणि दुष्काळ यांच्या हवाली मोकळं सोडलं जाईल. निघून गेलेली फौज परत येईल. संकट दारात असताना शहरानं योग्य तेच केलं होतं. ते टळल्यासारखं वाटलं, तेव्हा ते हरलं.

वर्षभर आधी : जमिनीचा कागद

वेढा उठलेला असताना यिर्मया गावी जायला निघतो. वेशीवर त्याला फितूर म्हणून पकडतात, मारतात, कोठडीत टाकतात. फौज परत आली आहे. त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात हलवलं आहे. तिथं त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचं शेत घे म्हणतो. भाऊबंदकीतला हक्क तुझा आहे. ते शेत या घडीला शत्रूच्या ताब्यात आहे. यिर्मया 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही प्रती तो बारूखला मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ काळ टिकतील. शहर पडणार असं सांगणारा हाच माणूस या जमिनीचे व्यवहार पुन्हा होतील, असंही सांगतो आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजतो.

पुढे सरदार त्याला पाणी नसलेल्या, चिखलानं भरलेल्या हौदात सोडतात. त्याला वर काढतो तो राजवाड्यातला एक कूशी, म्हणजे आफ्रिकी, सेवक एबद-मलेख. दोरानं काखा कापू नयेत म्हणून तो खाली जुनेर सोडतो आणि काखेत धरायला सांगतो. देवाच्या शहरात ही साधी माणुसकी परदेशी माणसाकडून येते.

त्यानंतर राजा यिर्मयाला गुपचूप भेटतो. यिर्मया सांगतो, अजूनही शरण जा. तुझा जीव वाचेल आणि शहर जळणार नाही. राजा खरं कारण बोलून दाखवतो. आधीच बाबेलला जाऊन मिळालेले यहूदी आपली टिंगल करतील, याची त्याला भीती वाटते. आणि या भेटीबद्दल कोणाला बोलू नकोस, असं बजावून तो यिर्मयाला परत पाठवतो.

एक महिना आधी : तटाला भगदाड

चौथ्या महिन्याची 9 तारीख. शहरातलं अन्न संपलं आहे. तटाला खिंडार पडतं. बाबेलचे सरदार मधल्या वेशीत येऊन बसतात. रात्री राजा आणि उरलेली फौज राजाच्या बागेजवळच्या, दोन भिंतींमधल्या दरवाजानं बाहेर पडतात. यरीहोच्या माळावर राजाला पकडतात. रिब्ला इथं नबुखद्नेस्सरासमोर त्याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारतात, मग त्याचे डोळे काढतात. त्याला शेवटचं दिसलं ते हे.

72 तास आधी : 7 अव

बाबेलच्या राजाचा मोठा अधिकारी नबूजरदान शहरात येतो. सैनिक मंदिरात शिरतात. खाणंपिणं सुरू होतं.

48 तास आधी : 8 अव

मंदिर अजून उभं आहे. आत मोडतोड चालू आहे. लुटीची यादी राजांच्या ग्रंथात तपशिलानं आली आहे. पितळेचे दोन प्रचंड खांब आणि पितळेचं मोठं गंगाळ फोडून बाबेलला नेलं. फावडी, चमचे, धुपाटणी, कटोरे, सोन्याचं सोनं म्हणून आणि चांदीचं चांदी म्हणून वेगळं केलं. शतकानुशतकं ज्यांनी पूजा झाली, त्या वस्तूंची किंमत शेवटी वजनावर ठरली.

24 तास आधी : 9 अव लागतो

ज्यू दिवस सूर्यास्तापासून मोजतात. परंपरा सांगते, की शब्बाथ नुकताच सरला होता आणि सातवं वर्षही नुकतंच संपलं होतं. तेच सातवं वर्ष, ज्यात कर्ज सोडायची आज्ञा आहे. याच परंपरेनुसार लेवी गायक आपल्या चौथऱ्यावर उभे राहून गात होते आणि त्यांचं स्तोत्र पुरं व्हायच्या आत शत्रू त्यांच्यावर चालून आला. उपासना शेवटपर्यंत चालू होती.

शून्य : दिवस मावळताना

मंदिराला आग लावतात. मग राजवाडा. मग एकेक मोठं घर.

24 तासांनंतर : 10 अव

आग अजून धुमसते आहे. रब्बी योहानान पुढे म्हणाले, की मी त्या पिढीत असतो तर उपवास 10 तारखेलाच ठेवला असता, कारण मंदिराचा बराचसा भाग त्या दिवशी जळला. तट पाडले जातात. उरलेल्यांना बांधून नेतात.

सगळ्यांना मात्र नेत नाहीत. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा अगदी गरिबांना नबूजरदान मागे ठेवतो आणि त्यांना द्राक्षमळे आणि शेतं देतो. यात दया नव्हती. जमीन पडीक राहू नये आणि महसूल यावा, एवढाच हिशेब असणार. तरीही नाबोथापासून सुरू झालेली रांग इथं संपते. भूमिहीनाला जमीन मिळाली, पण ती धर्मशास्त्र तोंडपाठ असलेल्या आपल्या माणसांकडून मिळाली नाही. मंदिर जाळणाऱ्या शत्रूनं ती दिली.

राखेतून

1982 मध्ये यरुशलेमच्या जुन्या भागात यिगाल शिलो यांच्या उत्खननात त्या आगीत जळालेल्या एका इमारतीत 51 मातीच्या मोहोरा सापडल्या. ज्या कागदांना त्या लावल्या होत्या ते जळून गेले. माती मात्र भाजून पक्की झाली. एका मोहोरेवर शाफानाचा मुलगा गमर्या हे नाव आहे. ज्याच्या खोलीतून बारूखनं वाचलं आणि ज्यानं गुंडाळी जाळू नका म्हणून राजाला विनवलं, तोच हा गमर्या असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

याहून मोठी गोष्ट बाबेलला नेलेल्या लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी केली. ज्यांना हौदात टाकलं होतं, ज्यांची गुंडाळी जाळली होती, त्यांचे शब्द त्यांनी उपासनेतच बसवले. 9 अवच्या आधीच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये वाचला जातो तो यशयाचा पहिला अध्याय; रक्तानं भरलेल्या हातांचा उल्लेख त्यातच आहे. वर्षातल्या सर्वात कडक उपवासाला, ज्याला बेने इस्राएल दरफळणीचा सण म्हणत आले, त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी यशयाचा 58वा अध्याय ऐकायचा असतो. बेड्या तोडा, भुकेल्याला जेवू घाला, नाहीतर तुमचा उपवास कशाला, असा त्याचा रोख आहे. पोकळ उपासनेवरचा आरोप उपासनेच्या ऐन मध्यावर मोठ्यानं वाचायचा, ही व्यवस्था जगातल्या फार थोड्या समाजांनी स्वतःसाठी करून घेतली आहे.

न्हावा शेवा : त्यानंतरचे दिवस

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदला ठरवणारा एक पक्ष आणि वाडवडिलांचं वतन सोडणारा दुसरा, असा तो व्यवहार होता. जासईचे दि. बा. पाटील, वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते, वर्षानुवर्षं सांगत होते, की हा भाव अन्यायाचा आहे. 16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे पाच शेतकरी गेले.

त्यानंतर सरकार हललं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, हे तत्त्व मान्य झालं आणि 1990 पासून तसे शासन निर्णय निघाले. देशात इतरत्र भूसंपादनाच्या लढ्यांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. जे योग्य होतं ते केलं गेलं, हे मोकळेपणानं म्हणायला हवं.

मग रस्त्यावरची गर्दी ओसरली. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं होतं आणि बघता बघता ते देशातलं सर्वात मोठं कंटेनर बंदर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. बंदरासाठी उठवलेल्या शेवा गावच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं. तिथली घरं वाळवीनं पोखरली आणि ते पुन्हा पुनर्वसन मागत राहिले. बंदरासाठी जमीन दिलेल्यांपैकी काहींच्या हातात साडेबारा टक्क्यांची पत्रं पडली ती 16 ऑगस्ट 2014 ला, पंतप्रधान नरेंद्र मोदी न्हावा शेव्यात आले तेव्हा. गोळीबाराला तेव्हा 30 वर्षं होऊन गेली होती. पत्र म्हणजे ताबा नव्हे, हे प्रत्येक प्रकल्पग्रस्ताला माहीत असतं.

बाबेलची आग आणि आपल्याकडचा गोळीबार एका मापानं मोजता येत नाहीत. वेढा उठल्यानंतर माणसं कशी वागतात, एवढाच दुवा इथं आहे. दबावाखाली दिलेलं वचन दबाव सरला की फायलीत मंदावतं. कोणी ते उघड मोडतही नाही. पात्रतेची तपासणी, वारसांची नोंद, भूखंडाची उपलब्धता असं करत ते पुढच्या पिढीवर जातं. सिद्कीयाच्या सरदारांनी निदान उघड्या डोळ्यांनी करार मोडला होता.

आठवणीची उणीव इथं नाही. दरवर्षी 16 आणि 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, सगळ्या पक्षांचे नेते हार घालतात. दि. बां.चं नाव नव्या विमानतळाला द्यावं म्हणून 2021 मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, आणि ते योग्यच होतं. पण ज्याच्या नावानं विमानतळ मागितला गेला, त्यानं आयुष्यभर मागितलं ते गावठाणातल्या घरांच्या आणि साडेबारा टक्क्यांच्या हक्कांबद्दल होतं.

म्हणून पनवेलच्या त्या जुन्या सिनेगॉगमधली रीत उचलण्यासारखी आहे. 16 जानेवारीला दास्तान फाट्याच्या मंचावर हार घालून झाले, की भाषणांच्या आधी एक यादी मोठ्यानं वाचावी: मागच्या 16 जानेवारीपासून कोणत्या गावातल्या किती कुटुंबांना भूखंडाचा प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि किती बाकी आहेत. यादी सिडकोच्या आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी आणावी आणि ती वाचून होईपर्यंत कोणत्याही पक्षाच्या नेत्यानं उठू नये. मीखानं सांगितलेलं संकट तेव्हा टळलं, कारण हिज्कीयानं त्याचं बोलणं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं होतं.